उजवा कौल

डॉक्टर : आजी, भिंतीकडे नको, माझ्याकडे बघा. घरी काय काय दिलंत आबांना, ते सगळं सांगा.

धोंडाबाई : सांगितलं की. ववा दिला. हिंगाचं पानी बेंबीत सोडलं.

डॉक्टर : आणखी?

धोंडाबाई : आनि काय. ताक.

रत्ना : आई, एरंडेल पाजलंस का?

धोंडाबाई : तू मधी बोलू नगंस. वरव्याच्या कंपनीतनं आत्ता आलीयास, तुला काय ठावं हाय.

रत्ना : मला ठाऊक नसेल तर कुणाला? लहानपणी काहीही झालं की एरंडेलच पाजायचीस. दाढ दुखली तेव्हासुद्धा.

डॉक्टर : दिलं का, आजी?

धोंडाबाई : दिलं.

डॉक्टर : किती?

धोंडाबाई : वाटीभर. आनि काल परत वाटीभर.

डॉक्टर : मग पोट साफ झालं?

धोंडाबाई : न्हाई. सगळं तोंडावाटं आलं. आधी हिरवं वकले, मग काल सांजच्याला तर त्याला घान वास. मानसाच्या तोंडातनं असा वास यावा, असं म्या ह्या वयापतोर बघितलं न्हाई, डॉक्टरीनबाई. खोटं कशाला बोलू, म्या भाईर पळाले.

डॉक्टर : वारा सरतोय का त्यांना?

धोंडाबाई : कसला वारा?

रत्ना : आबा पादले का, विचारतायत त्या.

धोंडाबाई : आगं, जनाची न्हाई तर मनाची तरी. न्हाई, डॉक्टरीनबाई. परवापास्नं न्हाई. एरवी मानूस घरात असल्याचं लांबनं कळतं. आता घर कसं गुमान हाय. त्याचंच मला भ्याव वाटलं बगा.

डॉक्टर : पोट कुणी चोळलं का?

धोंडाबाई : साळूबाईनं. आमच्या वाडीत कुनाची बेंबी सरकली की तीच बसवती, तेलाचा अंगठा दाबून. तिनं हात टेकला आनि हे असं वरडले की शेळ्या हुब्या ऱ्हायल्या. साळूबाईनं हात पुसला. म्हनली बेंबी जाग्यावर हाय, आत काय तरी यगळंच झालंय, खाली न्या ह्यांना.

डॉक्टर : बरं केलं तिनं.

धोंडाबाई : डॉक्टरीनबाई, तेलानं झालं का हे? म्या केलं का?

डॉक्टर : तेलानं झालेलं नाही. पण तेलानं त्रास वाढला. पुढची वाट बंद होती आणि तुम्ही मागून रेटलंत.

धोंडाबाई : म्हंजी म्याच केलं.

डॉक्टर : तसं नाही म्हटलं मी. आता मला सांगा, आबांच्या पोटाचं आधी कधी ऑपरेशन झालंय? जांघेत गाठ वगैरे?

धोंडाबाई : ऑपरेशन कुठलं. एकदा कुत्रं चावलं म्हनून वेल्ह्याला नेलं हुतं. सुई बघितली आनि हे धोतर सावरत खिंड चढून घरी. आमी दवाखान्यात हुडकतोय आनि हे घरी भाकरी खात बसलेले.

डॉक्टर : तेच तर कोडं आहे. रत्नाताई, तुम्हीपण ऐका. स्कॅन मी पाहिला. बारीक आतडं फुगलंय, आणि उजवीकडे खाली एका जागी एकदम चिमटलंय. त्याच्या पुढे सगळं रिकामं. ज्यांचं आधी ऑपरेशन झालेलं असतं, त्यांच्या पोटात आतून पट्टे धरतात, त्यात आतडं अडकतं. यांचं ऑपरेशन नाही, हर्निया नाही. मग चिमटतंय काय, ते मला दिसत नाही. पीळ असेल, गाठ असेल. पोट उघडल्यावरच कळेल.

धोंडाबाई : उघडल्यावर?

रत्ना : ऑपरेशन, आई.

धोंडाबाई : सलाईन लावलीया की. नाकात नळी घातलीया. त्यानं सुटायचं न्हाई का?

डॉक्टर : कधी कधी सुटतं. म्हणून तर सकाळपासून थांबले. पण आता ताप चढलाय, नाडी पळतेय, आणि पोट हाताला कडक लागतंय. आतड्याला रक्त मिळत नसेल तर ते काळं पडायला लागतं. एकदा काळं पडलं की कुजतं.

रत्ना : पुण्याला न्यायचं का, मॅडम?

डॉक्टर : नेणार असाल तर आत्ता गाडी बोलावते. तिथे मोठी हॉस्पिटलं आहेत, मी अडवणार नाही. पण रस्त्यात जो वेळ जाईल, तो त्या आतड्याकडे आहे असं मला वाटत नाही. इथे मी करू शकते. भूल देणारे डॉक्टर निघालेत. तुम्ही ठरवा, पण लवकर ठरवा.

धोंडाबाई : ठरवून काय उपेग. ते हुबे करायचे न्हाईत.

डॉक्टर : कोण?

धोंडाबाई : हेच. पोटाला सुरी लावू द्यायचे न्हाईत ते.

रत्ना : मॅडम, सोनबाकाका होता आमचा, आबांचा थोरला भाऊ. त्याचंही असंच पोट फुगलं. ऑपरेशनला नेला आणि परत आला तो चादरीत गुंडाळून. तेव्हा देवाचा कौल डावा होता. आबा म्हणतात, देव नको म्हणत असताना नेला, म्हणून गेला.

डॉक्टर : कौल म्हणजे नेमकं काय करतात? आमच्याकडे नाही ही पद्धत.

धोंडाबाई : गुरव देवाच्या दोनी अंगाला फुलाच्या कळ्या चिकटवतो, पान्यानं. आपन मनातलं इचारायचं. उजवीकडची पडली तर देव व्हय म्हनला. डावी पडली तर न्हाई.

डॉक्टर : मग आबांसाठी लावलात का?

धोंडाबाई : लावला. आज पहाटं. आमच्या वाडीच्या भैरवनाथाला.

रत्ना : लावलास? मग कुठला आला?

धोंडाबाई : ते त्यांना सांगते आधी. इचारलं त्यांच्यासाठी, तर पयलं त्यांना नगं का सांगाया. कुठल्या खोलीत घातलंय त्यांना?

* * *

हरिबा : आगं, हे नाकातलं काढ. बैलावानी येसन घातलीया मला.

धोंडाबाई : हात लावू नका. हात खाली ठिवा म्हनते ना.

हरिबा : मेंढरं कुनी सोडली आज?

धोंडाबाई : शेजारच्या भिमानं.

हरिबा : भिमानं? भिमा मेंढरं राखतो व्हय? मेंढरं भिमाला राखत्यात.

धोंडाबाई : बोलू नका. कळ येती बोललं की.

हरिबा : न बोलता बी येतीया. काय म्हनती ती डॉक्टरीन?

धोंडाबाई : म्हनती, पोट उघडाय लागंल.

हरिबा : हं.

धोंडाबाई : आतडं अडकलंय म्हनती कशात तरी. कशात ते कळंना. आजच कराय पायजे म्हनती.

हरिबा : हं.

धोंडाबाई : आवं, काय तरी बोला की.

हरिबा : आत्ता म्हनलीस बोलू नका.

धोंडाबाई : ह्याच्यावर बोला.

हरिबा : सोनबादादाचा अंगठा दिसतोय मला. पायाचा. चादरीच्या भाईर आला हुता. आईनं तेवढ्यावरनं वळखला त्याला.

धोंडाबाई : नका काढू ते.

हरिबा : तू देवळात गेलीस तवा म्या झोळीत हुतो. घंटा ऐकली. कौल लावलास ना?

धोंडाबाई : लावला.

हरिबा : कुठला दिला?

धोंडाबाई : थांबा, कळ येतीया तुमाला. ही जाऊ द्या आधी. माझा हात धरा. धरा घट.

हरिबा : गेली. ती येती आनि जाती. कुठला दिला?

धोंडाबाई : उजवा.

हरिबा : सलाईनकडं कशाला बघतीस? माझ्याकडं बघून सांग.

धोंडाबाई : उजवा दिला देवानं.

हरिबा : बरं.

धोंडाबाई : काय बरं?

हरिबा : शाई आन म्हनावं. अंगठा लावतो. सांग त्या बाईला, कातर म्हनावं.

धोंडाबाई : कातर काय. मेंढरू हाय का तुमी.

हरिबा : मेंढरू तरी चार लाथा मारतं गं. माझ्यात तेवढं बी ऱ्हायलं न्हाई.

* * *

(ऑपरेशनच्या खोलीबाहेरचा बाक. मायलेकी दोघीच.)

रत्ना : आई, चहा घे. निवला बघ.

धोंडाबाई : नगं.

रत्ना : सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. तूपण पडलीस तर मी कुणाकुणाकडे बघू? मुठीत काय धरलंयस?

धोंडाबाई : काय न्हाई.

रत्ना : दाखव. हा तर आबांचा करदोडा.

धोंडाबाई : त्या नरस पोरीनं कात्रीनं कापला. म्हनली मधी येतोय. म्या म्हनलं, बाई, वर सरकीव, खाली सरकीव, पन कापू नगं. जित्या मानसाच्या कमरंचा करदोडा कुनी कापतं का? मढ्याचा कापत्यात, रत्ना.

रत्ना : तिला काय माहीत. बाजारपेठेतून नवा आणू आपण.

धोंडाबाई : आनशील गं. पन आत्ता ह्या घटकंला त्यांच्या कमरंला काय न्हाई. तसेच आत गेलेत.

रत्ना : बस जरा टेकून. किती वर्षांनी आलीस भोरात?

धोंडाबाई : लग्न झालं त्या साली आले पयल्यांदा. घोंगड्या इकाय. राजवाड्याम्होरं बसलो हुतो पसरून. सगळ्या खपल्या, मग एष्टी धराय निघालो. ह्यांनी मला गाडीत बशिवलं आनि म्हनले, आलोच. एष्टी सुटली तरी ह्यांचा पत्त्या न्हाई. म्या नवी नवरी, कंडक्टरला काय सांगू, नवऱ्याचं नाव बी घ्यायला येईना.

रत्ना : मग?

धोंडाबाई : मग काय, रडत गेले एकली. हे दुसऱ्या दिशी उगवले, समदी वाट चालत. जिलबी घ्यायला गेलते माझ्यासाठी. कागदात बांधलेली. तिला मुंग्या लागलेल्या ह्या एवढ्या.

रत्ना : खाल्लीस?

धोंडाबाई : झटकून. मानूस एवढं चालत आलेला, टाकून कशी दिऊ.

रत्ना : हे कधी सांगितलं नाहीस मला.

धोंडाबाई : तवापास्नं अशीच धडकी भरती मला. ह्यांची येळ झाली आनि हे दिसंनात की. समद्या जल्मात तेवढंच भ्याव मला. कवा यखांद्या गाडीत न्हाई चढायचे हे, आनि गाडी सुटंल.

रत्ना : आई, देवानं उजवा दिलाय ना? मग का अशी पदर गच्च लपेटून बसलीस?

धोंडाबाई : थंडी वाजतीया.

रत्ना : या उकाड्यात? माझ्याकडे बघ.

धोंडाबाई : सगळी म्हनत्यात माझ्याकडं बघ, माझ्याकडं बघ. रत्ना, डावा हुता.

रत्ना : काय डावा होता?

धोंडाबाई : कौल. भैरवनाथानं डावा दिला.

रत्ना : आणि तू आबांना सांगितलंस उजवा?

धोंडाबाई : हळू बोल. आत ऐकू जाईल.

रत्ना : आत ते बेशुद्ध आहेत, आई.

धोंडाबाई : देव हाय की जागा. ऐक. पहाटं ह्यांना झोळीत घातलं, बांबू अडकिवला. खाली रस्त्याला धनाजीचा टेम्पो येतो दुधाचा, तेवढा गाठायचा हुता. म्या म्हनलं तुमी झोळी बांधा, म्या देवाला इचारून येते. सोमनाथ गुरवानं कळ्या लावल्या. म्या इचारलं, देवा, पोट फाडायची येळ आली तर फाडू देऊ का? माझं हात बी जोडून झालं नव्हतं. डावी पडली. अशी निवांत पडली बग, कुनी उचलून ठिवल्यागत.

रत्ना : गुरव काय म्हणाला?

धोंडाबाई : म्हनला, घाबरू नगं, वैनी, उद्या पहाटं परत लावू. रीतच हाय ती. डावा आला तर त्या दिशी काय करायचं न्हाई, दुसऱ्या दिशी परत इचारायचं. सोनबाभाऊजीच्या येळंला तसंच केलं. परत लावला, परत डावा. परत लावला, परत डावा.

रत्ना : म्हणजे तेवढे दिवस सोनबाकाका घरातच पडून होता?

धोंडाबाई : उजवा यायची वाट बगत. आलाच न्हाई. मग पोट ढोलावानी झालं तवा नेला, देवाला न इचारता.

रत्ना : आई. मग तो डाव्या कौलानं गेला, का वाट बघून गेला?

धोंडाबाई : देवाचं असं बोलू नगंस.

रत्ना : देवाचं नाही बोलत मी. तुमचं बोलते.

धोंडाबाई : आमचंच तर हाय सगळं. तवा बी माझ्या मनात आलं हुतं, नुसतं आलं हुतं. मोठी मानसं बसलेली, सून काय बोलनार. पन आज खाली टेम्पो हारन वाजवाय लागला. धनाजी थांबत न्हाई, त्याला म्होरलं दूध घ्यायचं असतं. म्या देवाला म्हनलं, तुझं ऐकलं बाबा, पन उद्याला हा टेम्पो असंल, मानूस असंल का न्हाई ठावं न्हाई. आनि आले उतरून.

रत्ना : आणि गुरव?

धोंडाबाई : तो बी आला पळत माझ्यामागं. झोळीला खांदा द्याय मानूस कमी पडत हुतं. मागचा बांबू त्यानंच घेतला रस्त्यापतोर.

रत्ना : काही बोलला नाही तो?

धोंडाबाई : म्या पुढं चालत हुते. मागं बघितलंच न्हाई. बघितलं असतं तर पाय मोडले असते माझे.

रत्ना : बरोबर केलंस तू.

धोंडाबाई : ते तुला ह्या बाकावर बसून वाटतं. तिकडं आत काय झालं तर देवानं न्हाई केलं म्हननार कुनी. म्या केलं. त्यांनी इचारलं, माझ्याकडं बघून सांग. म्या बघितलं आनि खोटं सांगितलं. समदा जल्म खोटं न्हाई बोलले त्यांच्यासंगं. भांडले, शिव्या दिल्या, पन खोटं न्हाई. आनि बोलले ते ह्या येळंला. त्यांचा अंगठा खोट्यावर घेतला म्या, रत्ना.

रत्ना : शुद्धीवर आले की सांग त्यांना.

धोंडाबाई : आले की?

रत्ना : येणारच आहेत. आई, हात सोड माझा, नखं रुततायत.

धोंडाबाई : ती पोरगी काय घिऊन गेली आत आत्ता?

रत्ना : सलाईनच्या बाटल्या. गरम पाण्यात ठेवलेल्या होत्या, वाफ येत होती भांड्यातून.

धोंडाबाई : गरम पानी कशाला?

रत्ना : मला काय माहीत.

धोंडाबाई : गरम पानी बाळंतिनीला लागतं, न्हाईतर मढ्याला.

रत्ना : आई, गप. मलाही भीती वाटतेय. तुला एकटीलाच नाही.

धोंडाबाई : ये, अशी जवळ सरक.

रत्ना : देवाचं नाव घे काहीतरी. घेतेस एरवी.

धोंडाबाई : कुनाला हात जोडू? ज्याला जोडायचे त्यालाच खोटं पाडून आलीया. आता कुठल्या तोंडानं म्हनू, सांभाळ म्हनून.

रत्ना : मग नुसती बस. मी आहे.

धोंडाबाई : दार हाललं बग.

रत्ना : वाऱ्यानं.

धोंडाबाई : न्हाई. उघाडतंय.

* * *

डॉक्टर : बसा, आजी, उठू नका. ठीक आहेत आबा.

धोंडाबाई : जित्ते हाइत?

डॉक्टर : आहेत. भूल उतरतेय. कण्हतायत, मेंढरांना हाका मारतायत.

रत्ना : आई, ऐकलंस का? आई, रडू नको, त्या काय सांगतायत ते ऐक.

धोंडाबाई : ऐकतीया. डोळ्यानं थोडंच ऐकत्यात. काय निघालं, डॉक्टरीनबाई?

डॉक्टर : तो दोरा द्या जरा तुमच्या हातातला. देते परत. हे माझं बोट बघा, हे समजा बारीक आतडं. आपल्या पोटात मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक शेपूट असतं, करंगळीसारखं. अपेंडिक्स.

रत्ना : ते दुखतं ते. आमच्या कंपनीत एकीचं काढलं.

डॉक्टर : तेच. ते सुजतं, पिकतं, हे नेहमीचं. आबांचं मात्र चांगलं लांब होतं. ते सुजलं आणि बारीक आतड्याला असा वेढा घालून, त्याचं टोक पलीकडे जाऊन चिकटलं. असं. झाला की नाही फास? त्यात आतडं अडकलं. जसं फुगत गेलं तसा फास आवळत गेला.

धोंडाबाई : हे तर दावं.

डॉक्टर : काय?

धोंडाबाई : वासराला लांब दाव्यानं बांधलं की ते खुट्ट्याभवती फिरतं. मग पाय अडकतो, ते वढतं, आनि जितकं वढंल तितकं आवळतं. त्याच्याच दाव्यानं त्याला फास बसतो.

डॉक्टर : अगदी तसंच. फार क्वचित होतं असं. मी पुस्तकात वाचलं होतं फक्त. आत हात घातला तेव्हा आधी मला कळेनाच, हा दोर कुठून आला. मागं मागं बोट नेलं तर मूळ अपेंडिक्सला.

रत्ना : स्कॅनमध्ये नव्हतं दिसलं?

डॉक्टर : तोच स्कॅन आत्ता पुन्हा लावून बघितला. आता दिसतंय. आधी ते शोधायचं मनातच आलं नाही माझ्या.

धोंडाबाई : मग कापलं दावं?

डॉक्टर : कापलं, मुळासकट काढलं. पण सुटल्यावर आतडं बघितलं तर जांभळं, पार काळपट. वाटलं, एवढा तुकडा जाणार. मग गरम सलाईनची फडकी गुंडाळली त्याला आणि आम्ही सगळे नुसते उभे राहिलो. थोड्या वेळानं फडकं उचललं, तर एका कडेनं लाली येत होती.

धोंडाबाई : गारठलेल्या कोकराला आमी चुलीम्होरं धरतो तसं.

डॉक्टर : तसंच. तुकडा काढावा लागला नाही. पण आजी, फार काठावर होतं हे. उद्या सकाळी आणलं असतंत, तर मी काही करू शकले असते असं वाटत नाही.

रत्ना : उद्या सकाळी. ऐकलंस, आई?

धोंडाबाई : ऐकलं.

डॉक्टर : अजून निर्धास्त नाही व्हायचं. आतडं चालू होईपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा तोंडात नाही. आणि वारा सरला की लगेच मला सांगायचं.

धोंडाबाई : सांगाय लागायचं न्हाई. तुमाला बसल्या जागी कळंल.

डॉक्टर : बघू या. हा घ्या तुमचा दोरा.

धोंडाबाई : डॉक्टरीनबाई, हात दावा तुमचा.

डॉक्टर : कशाला?

धोंडाबाई : नुसता. लई बारीक हाइत की बोटं. जेवत जा.

* * *

हरिबा : आली का गं ती डॉक्टरीन पळत?

धोंडाबाई : आली. खुश झाली. म्या ह्या वयात पयल्यांदा बघितलं, मानूस पादला म्हनून कुनी टाळ्या वाजवल्याली.

हरिबा : मग जेवाय कवा देती म्हनली?

धोंडाबाई : आज पानी दोन दोन घोट. उद्या पेज. हात म्होरं करा.

हरिबा : कशाला?

धोंडाबाई : रत्नानं नवा करदोडा आनलाय. कमरंला बांधू देईना ती पोरगी, टाकं हाइत म्हनती. तवर मनगटाला बांधते. अंगावर असला म्हंजी झालं.

हरिबा : बांध. भिमाचा फोन आलता का?

धोंडाबाई : आलता. एक शेळी गाभडली म्हनला. बाकी समदी बरी हाइत.

हरिबा : घरी गेलो की आधी भैरवनाथाला नारळ फोडाय पायजे.

धोंडाबाई : फोडू की.

हरिबा : उजवा कौल दिला त्यानं.

धोंडाबाई : गप पडा. टाकं दुखतील.

हरिबा : नारळाचं नाव काढल्यानं टाकं दुखत्यात व्हय?

धोंडाबाई : आवं, मला एक सांगायचंय तुमाला. चार दिस झालं, रत्ना म्हनती सांग, सांग. तुमी उठून बसा मग सांगते म्हनलं. पन तुमी नारळ फोडाय निघाला.

हरिबा : गाठ घट मार. सुटंल.

धोंडाबाई : मारली. ऐका. उजवा नव्हता. डावा हुता.

हरिबा : ठावं हाय.

धोंडाबाई : काय ठावं हाय?

हरिबा : डावा हुता ते. सोमनाथ गुरवाच्या खांद्यावर मागचा बांबू, आनि माझं डोकं मागच्या अंगाला. समदा उतार माझ्या कानाशी पुटपुटत हुता, हरिबा, डावा हाय, माघारी फिरू, उद्या परत लावू.

धोंडाबाई : मग फिरवा का न्हाई म्हनलात?

हरिबा : म्हननार हुतो. मान उचलून बघितलं तर तू पुढं. वहाना हातात घेतलेल्या, अनवानी, आनि एकदा बी मागं वळून बघंनास. तवा म्हनलं, खाली गेल्यावर बघू.

धोंडाबाई : आनि खाली आल्यावर मला परत इचारलंत. माझ्याकडं बघून सांग म्हनालात. समदं ठावं असून. माझं काय झालं आसंल त्या वक्ताला, काय वाटलं का तुमाला?

हरिबा : वाटलं.

धोंडाबाई : मग कशापायी इचारलंत?

हरिबा : देवाचं म्हननं मला कळलं हुतं. तुझं इचारायचं ऱ्हायलं हुतं.